गुरुवार, साडेपाच

कसबा बावड्यातल्या शाळेत, दुसरीच्या वर्गात
आम्ही बसतो पोरांच्या बाकांवर,
गुडघे हनुवटीला टेकवून.
फळ्यावर पुसायचा राहिलेला
सातचा पाढा.

पहिले तीन गुरुवार मी नुसता
चपलेच्या अंगठ्याचा दोरा उसवत राहिले.
कुणी काही विचारलं नाही.
आक्काताई पदरात गवार मोडत होत्या.
म्हणाल्या, आमचं मानूस गेलं तवाबी
म्या त्येचं तोंड हुंगून बघितलं.
सवय, दुसरं काय.

सगळ्या हसल्या. मीही.
आणि हसता हसताच
अकरा वर्षांचं काय काय बाहेर आलं:
उद्यमनगरचा पगार, मोडलेली बोरमाळ,
पोराच्या वहीतलं ते घर
ज्याला त्यानं दारच काढलं नव्हतं.

सल्ला कुणी दिला नाही.
जुबेदानं फक्त
अर्धी गवार माझ्याकडं सरकवली.

त्याची सुटली, असं म्हणवत नाही अजून.
दोन महिने बरा असतो,
मग एखादा शनिवार.
पण परवा तो कधी आला,
कसा आला,
मला कळलंच नाही.

सकाळी दात घासता घासता
पोरगं म्हणालं,
आई, तू रात्री घोरत होतीस.