घोसाळं

रात्रपाळी संपवून आरोग्य केंद्रातून परतते
तेव्हा फलजचं पाणी कूस बदलत असतं.
शेजारच्या वाफ्यांची वेळ संपली, आता आमची, अर्धा तास.
मुखलेस चिंध्यांचा बोळा काढतो, दगड सरकवतो,
पाणी मुकाट वळतं
केळीच्या आळ्यात.

ऑगस्ट सरत आला.
खजुराचे घड बहुतेक उतरले. उरलेत ते
जाळीच्या पिशव्यांत, काळवंडलेले, गांधीलमाश्यांच्या नावावर.
लिंबं पिवळी होऊन खाली पडतात, कुणी वेचत नाही;
पडल्या जागी वाळून खडखडू लागली
की मग भरायची गोणीत.
डाळिंब एकच होतं. उललं, आणि बुलबुल आधी पोचला.

कुंपणावर मात्र माझं घोसाळं.
मंगळवेढ्याहून गोळ्यांच्या पाकिटातून आणलेल्या सात बिया:
पाच उगवल्याच नाहीत, सहावी बकरीने खाल्ली.
सातवीला रोज पहाटे पिवळीधमक फुलं,
दुपारपर्यंत चुरगळून जाणारी.
आणि आता दोन फळं.

जुवैना काठी टेकत येते, फळाला चिमटा काढते.
मी हाताने दाखवते: कापू, तळू, खाऊ.
छे, म्हणते, अजून त्याचं काही झालंच नाही.
वाळू दे. आत बी वाजू दे.
मग अंघोळीला घासणी, दोन वर्षं टिकते.
माझं अरबी म्हणजे
दुखतं का, कुठे, किती दिवसांपासून.
त्यात कोवळं हा शब्द नाही.

मग ती अंगणातल्या पालथ्या कढईकडे बोट करते:
जूनमध्ये मब्सली उकळला, वाळूवर वाळवला,
पोती गेली तुमच्या देशात.
काय करता एवढ्या खारकांचं?

काय सांगू?
माझी ओटी दोनदा भरली.
तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी, खारीक.
खारीक दोन्ही वेळा सासूबाईंनी उचलून
डब्यात टाकली, पुढच्या कुणासाठी तरी.
ती इथून निघाली होती,
या कढईतून, हे कुणाला ठाऊक!

खातो, म्हणाले मी.

पूर्वेला अजून एक चांदणी.
सुहैल, ती म्हणते. म्हणजे आता पाणी थंड होईल.
आमचा अगस्तीच तो,
पाणी निवळवायला निघालेला.

एक घोसाळं मी कापलं.
दुसऱ्याच्या देठाला मुखलेसने
चिंधी बांधली, काळी,
माझी दृष्ट लागू नये म्हणून की सुरी,
ते काही बोलला नाही.