खांब क्रमांक एकशे चौदा

सव्वासातला नाव सोडायची, हा नियम माझा नाही,
अंधाराचा आहे.
तिकिटाच्या खोपटातली ट्यूबलाइट मी मालवते
आणि सहाही जणांना बजावते:
मोबाइल खिशात, टॉर्च खिशात,
काजव्यांना त्यांचीच माणसं दिसू देत.
रोज हेच म्हणते. रोज कुणीतरी हसतं.

आज पाच जण क्लांगच्या एका बँकेतले,
सहावा एकटा, सत्तरी ओलांडलेला.
लाइफ जॅकेटचा पट्टा त्यानं लावला, ओढून पाहिला,
पुन्हा ओढून पाहिला,
उंचावर काम केलेला माणूस ओढतो तसा.

पहिल्या वळणापर्यंत इंजिन. मग वल्हं.
मग बेरेंबांगची झाडं, पाण्यावर ओणवलेली.
आधी एक लुकलुक, मग चार, मग नुसता गोंधळ;
शाळेतली पोरं पाढे म्हणताना
कुठंतरी सातच्या पाढ्यापाशी एका सुरात येतात,
तसं अख्खं झाड एका दमात पेटतं,
एका दमात विझतं.
आम्ही यांना कलिप-कलिप म्हणतो.
नाव उच्चारताना तोंडसुद्धा उघडतं, मिटतं.

बँकेतली एक बाई कुजबुजली,
"खरं सांग हं सलबिया, वायर कुठून ओढलीत?"

तेव्हा म्हातारा पहिल्यांदा हसला.
"वायर मी ओढली होती," म्हणाला.
"इथं नाही, गावात. अठ्ठ्याहत्तर साली.
धक्क्यापासून मशिदीच्या पुढपर्यंत,
एकशे चाळीस खांब."

माझं वल्हं हातातच राहिलं.
मी सहा वर्षांची होते.
पहिला बल्ब लागला त्या रात्री
आईनं वर पाहिलं नाही, भिंतींकडे पाहिलं.
एवढी काजळी? म्हणाली.
तीन दिवस घर घासत होती.
त्याच वर्षी कधीतरी धक्क्यावरचं झाड विझलं.
नेमकं कधी, कुणालाच ठाऊक नाही.
घरात उजेड असताना खिडकीबाहेर कोण बघतं?

हे त्याला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले,
"एकशे चौदा आमच्या दारातला."
तो थांबला. अंधारात मोजत असावा.
"वाकडा," म्हणाला. "खाली चिखल होता.
दोनदा सरळ केला मी."
"अजून वाकडाच आहे, पाकचिक."
"असणारच."

बँकवाल्यांना यातलं काही कळलं नाही.
एकानं डास मारला, एवढाच आवाज.

मुखाशी पाणी खारं होतं.
तिथं काही सांगावं लागत नाही,
वल्हं बुडवलं की पात्याभोवती निळसर राख उधळते,
मासा पळाला तर त्याची रेघ उमटते नि पुसली जाते.
पोरीबाळींसारखी किंचाळली ती सगळी.
म्हातारा मात्र विचारत होता, "हात घालू?"
पाच रात्रींत एखादाच विचारतो.

मनगटापर्यंत घातला.
उजव्या हाताची दोन बोटं आखूड होती,
जिवंत तारेनं घेतलेली, तो म्हणाला,
कुणी आपल्या थकबाकीबद्दल बोलावं तसा.
पाण्यानं हिशेब केला नाही.
जेवढं बोट होतं, तेवढं उजळलं.
"चटका नाही," असं तो बऱ्याच वेळानं
स्वतःशीच म्हणाला.

परतल्यावर ट्यूबलाइट लावली. सगळ्यांनी डोळे चोळले.
पैसे बदली नावाड्याला दे म्हणून
त्यानं पाच रिंगिट जास्त ठेवले,
आणि जाता जाता छताकडे बोट केलं, आखूड बोट:
"चोक बदल. गुणगुणतोय."

सायकलवरून घरी आले.
एकशे चौदावर दिवा होता, दिव्याभोवती वाळव्या.
काजवा एकही नाही.
सायकल टेकवली, दोन्ही हात लावले,
आणि एकदा, उगाच,
खांब ढकलून पाहिला.