सात पावलं, तेव्हाची

सारागोसाबाहेरच्या ट्रकतळावर
टॅकोग्राफ मला पंचेचाळीस मिनिटं हलू देणार नाही.
पीटमाती उतरवली, संत्री भरली,
आणि तिकडे पानेवेझिसच्या वेशीवर, माझ्या घरामागे,
भाऊ वायदोतास तासाच्या भाड्याचं खोदयंत्र घेऊन उभा.
"पाईप कुठून गेलाय?"
मैलापाण्याचा पाईप. वरून काय दिसणार, गवत.

नकाशा आहे.
मीच काढलेला, चौकटीच्या कागदावर, एकोणीस वर्षांपूर्वी,
मीच स्कॅन करून, नीट नाव देऊन,
जिन्याखालच्या काळ्या डब्यात ठेवलेला.
आत दोन डिस्क, एक दगावली तर दुसरी असावी म्हणून.
दोन्ही ठणठणीत.
मीच पोचत नाहीये.

गेल्या मंगळवारी आमची इंटरनेट कंपनी
दुसऱ्या कंपनीने गिळली.
पत्रात लिहिलं होतं: तुम्हाला बदल जाणवणारही नाही.
शेजारच्या जेनोवाइतेबाईंना खरंच जाणवला नाही,
त्यांची मालिका एका भागानेही चुकली नाही.

मी ठोठावतो. तोच आकडा, तेच पोर्ट, तोच पासवर्ड.
"नाही" असंही कुणी म्हणत नाही.
नुसतं चक्र फिरतं.

कस्टमर केअरची मुलगी, आवाजावरून विशीतली,
समजावून सांगते:
आता अख्ख्या गल्लीला बाहेरून एकच पत्ता.
आतून बाहेर जाता येतं. बाहेरून आत नाही,
कारण दारावरच्याला कळतच नाही
तुम्ही कुणाकडे आलात.
म्हणजे मी, पाद्री, सुताराचा पोरगा, तो कोंबड्यावाला,
सगळे एका पाटीमागे,
कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही.
"स्वतःचा पत्ता हवा तर महिना दोन युरो जास्त.
चोवीस तासांत मिळेल."
द्या म्हणालो.
खोदयंत्र तासाला चाळीस.

जेनोवाइतेबाईंकडे आमची किल्ली असते, मांजरासाठी.
त्यांना जिन्याखाली पाठवलं.
"तीन हिरवे दिवे, एक निळा. निळा डोळे मिचकावतोय.
आणि धूळ किती ही!"
बंद करून चालू केला. पुसलाही.
मग एकदम: "पण तुला ह्यातून हवंय काय?"
सांगितलं.
"अरे, मग मला विचारायचंस ना!
तू खणत होतास तेव्हा मी खिडकीत बटाटे सोलत होते.
सफरचंदापासून सात पावलं, शेडकडे तोंड करून.
दुसऱ्या दिवशी तुझ्या बायकोला शेपू द्यायला आले
आणि त्याच भुसभुशीत मातीत घोट्यापर्यंत रुतले.
बूट आठवतात मला ते. तपकिरी."

वायदोतासने फोन उंच धरला असावा,
कारण मला वारा ऐकू आला, आणि मोजणं.
पाच. सहा. सात.
मग काहीच नाही.
"हे नाही," बाई म्हणाल्या. "ही आत्ताची पावलं.
मी तेव्हाची सांगतेय."
पुन्हा वारा.
आठ. नऊ.
दहा, जरा थांबून.
"इथे. बादली उपडी घाल इथे, आणि पलीकडे खण."

माझी पंचेचाळीस मिनिटं संपली.
गाडी काढली.

रात्री बायोनच्या पुढे, पहिल्या विश्रांतीत, सवयीने ठोठावलं,
आणि डबा उघडला.
इतक्या सहज, की मला रागच आला.
नकाशा: झाडापासून पाच मीटर वीस.
मी माझ्याच पावतीच्या मागे भागाकार केला.
सातने भागून चौऱ्याहत्तर सेंटिमीटर.
दहाने, बावन्न.

खाली वायदोतासचा फोटो आला होता:
चर सरळ, बादली जागच्या जागी,
कडेला बाई, हातात कुणाची तरी कुदळ.

नकाशाच्या फाइलमध्ये मी एक ओळ घातली:
सफरचंदापासून सात जेनोवाइते, तेव्हाच्या.
जतन केलं. दोन्ही डिस्कवर.
दोन युरो चालू ठेवले आहेत.