शिवणीत गेलेला जिल्हा

पुस्तक आलं ते ओलं, पावासारखं फुगून.
कणकुंबीच्या नाल्यात पडलं म्हणाली,
बेडकाच्या मागं वाकताना, खिशातनं.
पावतीवर नाव लिहून घेतलं : सुप्रभा हुंदरे.
आडनाव हुंदरे आणि काम साप धरायचं,
मी हसायच्या आधी तीच हसून मोकळी झाली.
"कव्हर कसलंही चालतंय. माती तेवढी झाडू नका.
कुठल्या पानावर कुठली माती, मला ठाऊक आहे."

तीन दिवस पानापानांत रद्दी घालून वाळवलं.
खडेबाजारात चाळीस वर्षं मी
कीर्दी बांधल्या, पोथ्या, वकिलांची बाडं.
विषारी पुस्तक हे पहिलंच.
इंग्रजी मला पाठीवरच्या शीर्षकापुरतं येतं,
पण समासात तिचं बॉलपेन होतं,
पसरलेलं, तरी लागत होतं :
धामण, खाली केरे हावु.
घोणस, खाली कोळकमंडल,
त्याखाली वेगळ्या शाईत, "लुमाण्णाचा पाय. वाचला."
चापड्याच्या हिरव्या चित्राशी
"पारवाड, कारवीत, रात्री पावणेदहा.
हात टेकला तिथून वीतभर वर."
आणि एका बेडकापुढं, दोन्ही भाषांत,
नुसती रेघ.
नखाएवढा जीव. कुणी हाकच मारली नसावी.

देवगांडुळाच्या पानावर मी रेंगाळलो.
गांडूळ नाही, साप नाही,
बेडकांच्या पंगतीत कडेला बसलेला, बिनपायाचा भाऊबंद.
परसात असली दोन मी फावड्यानं तोडलीत,
सापाची पिल्लं म्हणून,
आणि गल्लीची शाबासकी घेतली.

मधल्या दोन पानांवर नकाशा.
गुलाबी रंग घाटाघाटानं खाली केरळपर्यंत उतरलेला.
गोवा दिसला. धारवाड दिसलं.
बेळगाव नव्हतं.
खानापूर नव्हतं, जांबोटी नव्हती.
जीभ वळवळली माझी;
आमच्यात माणूस नकाशा बघतो म्हणजे आधी रेघ बघतो.
मग दाभणाला कळलं.
जिल्हा शिवणीत गेला होता.
छापणाऱ्यानं समास कमी सोडला,
बांधणाऱ्यानं दोरा आत ओढला,
माझ्यासारख्याच कुणीतरी, संध्याकाळी, घाईत.

दोरा उसवला. दोन्ही पानांना पट्ट्या जोडल्या,
मोरचूद घातलेल्या खळीनं, जपून, सुरकुती न पाडता.
सकाळी उघडलं तर सपाट पडलं पुस्तक
आणि मधनं मलप्रभा निघाली, केसाएवढी,
दोन्ही काठांना तोच गुलाबी.

शेवटी आठ कोरी पानं घालायला सांगितली होती.
"पुस्तकात नाहीत, त्यांच्यासाठी."
घातली. रेग्झीन चढवलं, दाबात ठेवलं.

रात्री खळीवरच्या झुरळांसाठी भिंतीवरची पाल उतरली.
वीस वर्षांची ओळख आमची,
म्हणजे हिची, नाहीतर हिच्या आईची.
चित्रात बाण काढून दाखवलं होतं :
बोटांखालच्या पट्ट्या मोजायच्या.
चष्मा पुसला. बल्ब खाली ओढला.
एक, दोन, तीन, चार—

गिऱ्हाइकाच्या पुस्तकात बांधणाऱ्यानं लिहू नये,
वडिलांनी पहिलं शिकवलं ते हेच.
पहिल्या कोऱ्या पानावर, पेन्सिलीनं, अगदी फिकट :
"खडेबाजार, दुकान. रात्री नऊ दहा.
पाल. चार पट्ट्यांपर्यंत मोजली, मग पळाली."

ती आली, पैसे दिले, नकाशा उघडून मिटला,
काही न बोलता गेली.
आठवड्यानं फोन.
"मामा, कुठल्या पायाच्या मोजल्या? पुढच्या की मागच्या?"
थांबा, म्हणालो,
आणि फोन खांद्यात धरून
स्टूल भिंतीकडं ओढलं.