गचका की हिसका

मुजम्मिलने बॉनेट उघडलंच नाही आधी.
वडाळा नाक्यावरच्या चिंचोळ्या गाळ्यात
रंगाच्या डब्यावर बसून म्हणाला,
मॅडम, गचका देते की हिसका?

मी एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांच्या तावांवर डोळे फोडलेली बाई.
केसाएवढी रेघ सरकली
की ताव बाजूला.
आणि मला हे सांगता येईना.

थांबताना होतं, म्हटलं. नुसतं थांबताना.
पळते तेव्हा काही तक्रार नाही.
सिग्नल दिसला, पाय ब्रेकवर गेला,
पंधरा, दहा,
आणि अगदी टेकायच्या आधी

आधी काय?

उचकी लागल्यासारखं.

तो हसला नाही. विचारलं,
एकच उचकी, की लागोपाठ?

धक्का बसतो, हे म्हणाले, मागून ढकलल्यासारखा.
ह्यांचं निदान कधीचंच तयार आहे :
मी क्लच उशिरा दाबते.
चार वर्षं डावीकडच्या सीटवरून
हे स्वतःचा ब्रेक मारत आलेत.
मॅटला तिथे भोक पडलंय.

मग फेरी. मुजम्मिल शेजारी, हे मागे.
द्वारकेला गाडी शहाण्यासारखी थांबली.
सारडा सर्कललाही.
दवाखान्याच्या जिन्यात ताप उतरावा तशी.
मी ओशाळले, गाडीच्या वतीने.
मुंबई नाक्यावर येवल्याची एसटी आडवी आली
तेव्हा कुठे झालं,
आणि माझ्या तोंडून निघालं, हे बघ! हे!

त्याचा तळवा डॅशबोर्डवर होता,
गाभण शेळीच्या पोटावर ठेवावा तसा.
हिसका नाही, म्हणाला.
डिस्क वाकडी असती
तर पेडलनेच तुमच्या पायाला सांगितलं असतं.
उचकी पण नाही. काटा पडला नाही खाली,
श्वास बरोबर चालू आहे तिचा.
ही ठेचकाळते, मॅडम.
आतलं कायतरी पुढं जातं
आणि ठेच खातं.

ठेच.
मागून रिक्षावाला हॉर्न बडवत होता,
मी तो शब्द दोनदा मनात म्हणून घेतला.

गाळ्यात आल्यावर बॉनेट.
हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवर ठेवा,
पहिला टाका, क्लच अर्धा सोडा.
आता रिव्हर्स.
आणि इंजिन उठलं जागचं,
भरल्या ताटावरून रागाने उठणाऱ्या माणसासारखं.

माउंटिंग.
इंजिन आणि सांगाडा यांच्या मधलं
मुठीएवढं रबर,
मधोमध फाटलेलं. बॅटरीच्या उजेडात
हसल्यासारखं दिसत होतं.
चालत्या गाडीत कळत नाही, मुजम्मिल म्हणाला,
पुढची ओढ असते ना.
थांबायला गेलं की
वाक्य तिथेच टाकून त्याने पोराकडे
चौदाचा पाना मागितला.

मार्चअखेर माझी शेवटची पाळी झाली.
एप्रिलभर पहाटे पावणेपाचला
मी पलंगाच्या काठावर,
पाय फरशीवर,
चपला शोधत.
हे त्याला सांगितलं नाही.
त्याचे साडेअठराशे झाले होते,
पन्नास त्याने सोडले.

जुनं रबर वर्तमानपत्रात बांधून दिलं.
बाल्कनीचं दार आपटतं,
हे म्हणाले, तिथे होईल.

संध्याकाळी गडकरी चौकात लाल.
पंधरा. दहा. पाच.
गाडी थांबली, काहीच न बोलता.
मी मात्र कंबर ताठ करून,
पोट आत ओढून
न आलेल्या ठेचेसाठी बसलेली.
मॅटवर ह्यांचा पाय, भोकावर नेमका.
आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.
आकडे उलटे मोजत होते,
अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस.