चतुःसीमा येणेप्रमाणे

नांदेडात, वजिराबादेत, घड्याळजीला लागून
निहालसिंगाचं दुकान. चार हात रुंद.
"काय शोधायलाव काकी?"
पेन, म्हटलं. चांगलं. शेवटचं.
"शेवटचं घ्यायला लोक तीन-तीनदा येतात," तो म्हणाला.

मखमलीवर पाच पेनं मांडली,
आमच्या सेलूत सोनार नथा मांडतो तशी,
पण आधी मागितलं माझं जुनं.
भिंग लावून बघितलं.
"डाव्या अंगाला झिजलीय निब. कागद तिरका धरता तुम्ही,
अन् वाक्य संपायच्या आधीच
हात उचलता."
एकतीस वर्षं तहसीलीसमोर पत्र्याखाली
खरेदीखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोड.
एवढं माझ्याबद्दल
घरातही कुणाला ठाऊक नव्हतं.

जर्मन बारीक. जपानी बारीक.
"अक्षर दोन्हीवर एकच कोरलंय, काकी,
पण जपान्याचं बारीक एक केस अजून बारीक."
जपानी कागदावर खरखरत गेली,
बंद दाराशी मांजर असावं तशी.
मला असलीच लागायची मुद्रांकावर:
अख्खं कूळ, वारस, मयत वारसाचे वारस
दीड ओळीत बसवायचे,
समासात शिरायचं नाही,
खाडाखोड झाली तर शेजारी सही.
आता दस्त यंत्रातून निघतो.
माझ्याकडं उरलं होतं
लोकांचे अंगठे धरणं.

मग रुंद निब. ही बोलत नाही, नुसती सरकते.
माझा हात आपोआप सुरू झाला:
चतुःसीमा येणेप्रमाणे.
पूर्वेस शाईच्या बाटल्या.
पश्चिमेस रस्ता.
दक्षिणेस निहालसिंग याचा चहा, अर्धा.
उत्तरेस

"नाव लिहून बघा की. सगळे नावच लिहितात."

अनसूया सोळंके.
ळ बुजला.
दोन्ही पोटं शाईनं भरून गच्च, जणू दोन तीळ.
दस्ताच्या तळाशी, लिहून देणार, लिहून घेणार,
साक्षीदार एक, साक्षीदार दोन,
आणि त्यांच्याही खाली "दस्त लिहिणार" म्हणून
हाच ळ हजारदा काढला असेल.
कधी बुजला नव्हता.
कुणी वाचलाही नव्हता.

निहालसिंगानं मान हलवली.
"परदेशात ळ नसतो ना. त्यांना काय माहीत
किती जागा लागते."
त्यानं मधली निब काढली, चौदा कॅरेट,
आणि काचेसारख्या गुळगुळीत पॉलिशपेपरवर
इंग्रजी आठ काढत घासायला लागला,
थांबून भिंग, पुन्हा आठ, पुन्हा भिंग.
चहावर साय धरली.
"तुमच्या तिरकेपणाइतकीच घासली," म्हणाला.
"दुसऱ्या कुणाला देऊ नका. चालायची नाही."

काना ठसठशीत. शिरोरेघ बारीक, न थरथरता.
ळ काढला. दोन्ही पोटं मोकळी.
आणखी एक काढला. आणखी एक.
ओळभर ळ, शाळेत चुकलेल्या पोरीसारखे.

अठरा हजार पाचशे.
सुनेला सांगीन, सोनं घेतलं.
खोटं नाही.

परतीच्या गाडीत डबी तीनदा उघडली.
समोरच्या बाईला वाटलं
औषधाची वेळ झाली.

घरी कोरी वही होती, दोनशे पानी.
तीन दिवस टोपण काढायचं, टोपण लावायचं.
स्वतःचं म्हणून काय लिहितात
ते कुठल्याच नमुन्यात नव्हतं.
लिहून देणार कोण? लिहून घेणार कोण?
मोबदला किती?

चौथ्या दिवशी दारात दूधवाला आला,
आणि हिशेबाची वही सापडेना.
तेव्हा पहिल्या पानावर,
निळ्या-काळ्या शाईत, जरा तिरकं:

दूध, दोन लिटर.

बघत राहिले. एकही ळ नव्हता.
मग मागं जागा करून
लिहिलं: सकाळचं.