तळवे

पुण्याहून आलेले गृहस्थ भिंग पुसतात,
पुन्हा डोळ्याला लावतात,
म्हणतात, "चूक अस्सल आहे."

एक तोळा चांदी, कडेला जराशी झिजलेली.
एका अंगाला अक्षरं: अचलबुवांचा मठ,
लष्कर, ग्वाल्हेर, शके अठराशे ऐंशी.
दुसऱ्या अंगाला बुवांची पावलं.
बुवांच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती
(साप चावला, त्यांनीच विळ्याने उतरवली, असं मठात सांगतात)
आणि नाण्यावर ती नाही
उजवीकडच्या पावलाला.

ठसा माझ्या वडिलांचा. यादोराव पोतदार,
सराफ्यातला तिसरा बोळ.
जन्मभर उलटं कोरत आले,
सरळ अक्षर लिहायचं तर क्षणभर थांबायचे.
एक मात्रा कधी चुकीच्या बाजूला पडली नव्हती.

उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी मठाचे कारभारी आले.
आवाज चढवला नाही. पिशवी ठेवली.
"वितळवा. अपशकुन आहे."
एकशे एक पाडली होती, सत्त्याण्णव परत आली.
मी भात्यावर होते, अकरा वर्षांची.
मुशीत पावलं आधी मऊ झाली,
मग नुसतीच चकाकी.
त्या चांदीचं अभिषेकपात्र झालं.
मजुरी त्यांनी घेतली नाही.
कुणी विचारलं तर, "कोरलं ते कोरलं."
आई म्हणायची, नजर गेली होती.
पण त्याच महिन्यात तिच्या कुंकवाच्या डबीवर
त्यांनी तिचं अख्खं माहेर कोरलं होतं,
आडावरच्या रहाटासकट.

परवा चपलेचा अंगठा तुटला.
स्वर्णरेखेच्या पुलाशी घसीटेलाल बसतो.
खाली नाला; नाव सोन्याचं,
पाणी कसोटीच्या दगडासारखं काळं.
रुमालातलं नाणं दाखवलं, गोष्ट सांगितली, सहज.
त्याने आरी बाजूला ठेवली.
"गलत कहाँ है, बाईजी? तलवे हैं.
सामनेवाला पैर उठाए
तो बायाँ मेरे दाहिने ही आता है.
बनानेवाला नीचे बैठा होगा."

खाली.
जमिनीला दिसले असतील तसे बुवा.
पायरीला, पायरी पुसणाऱ्याला.
वडील गाभाऱ्यापर्यंत गेलेले मला आठवत नाहीत.
उंबऱ्याशी बसायचे,
माणसं त्यांना ओलांडून आत जायची.

गृहस्थ आकडा सांगतात. मोठा आहे.
चूक आहे म्हणून एवढा, ते समजावतात,
बरोबर असतं तर गेलं असतं चांदीच्या भावाने.

मी काटा पुढे ओढते.
"मग चांदीच्याच भावाने बोला."
ते हसतात. बाईंना व्यवहार कळत नाही,
असं त्यांच्या चेहऱ्यावर सुबक कोरलेलं.

नाणं पुन्हा रुमालात.
घसीटेने टाका थोडा तिरपा घातलाय,
घरी जाताना
डावा पाय जरा जास्त लागतो जमिनीला.